बिस्किटांच्या डब्यातलं घड्याळ

"काय एकेक वेंधळी माणसं असतात," मिनेको दारात चपला काढता काढता म्हणाली. "बिस्किटांच्या डब्यात कुणी घड्याळ ठेवतं का?"

तेइजी कुवाबारा टेबलाशी बसून गार शेवया खात होते. काड्यांमधल्या शेवया हळूच सुटून परत वाडग्यात पडल्या. आवाज शक्य तितका साधा ठेवून त्यांनी विचारलं, कुठल्या डब्यात?

वस्तीच्या मंडळाच्या कोठारातल्या, मिनेको म्हणाली. एक सप्टेंबरची भूकंपाची कवायत पंधरा दिवसांवर आली, म्हणून वस्तीतल्या बायकांनी अध्यक्षांकडून किल्ली आणून कोठार उघडलं. पाण्याच्या बाटल्या मोजल्या, घोंगड्या झटकल्या. मग कडक बिस्किटांचे डबे खाली घ्यायला लागल्या, तर त्यातला एक मिनेकोच्या हाताला हलका लागला. एवढी वर्षं स्वयंपाकघरात काढलेल्या बाईला डबा उचलला की आत काय उरलंय ते कळतं. झाकण उघडलं, तर आत बिस्किटाचा तुकडा नाही. पिवळ्या रुमालात गुंडाळलेलं एक घड्याळ, आणि दमट हवा शोषणाऱ्या औषधाच्या चार पुड्या.

"मग?" तेइजींनी विचारलं.

"मग काय, चौकीत देऊन आले. शिपायानं विचारलं, तीन महिन्यांत मालक आला नाही तर घड्याळ तुम्हाला मिळेल, हक्क ठेवायचा का? मी म्हटलं, आमच्या घरात घड्याळ? नको रे बाबा. सही करून सोडून दिला हक्क. आता मालक नाही आला तर मंडळाला जाईल म्हणे."

एवढं सांगून ती हात धुवायला गेली. तेइजींनी उरलेल्या शेवया तशाच ठेवल्या, आणि चांगली गोष्ट टाकून द्यायची नाही या आईच्या शिकवणीमुळे दोन मिनिटांनी परत खायला घेतल्या.

घड्याळ त्यांचंच होतं, हे वेगळं सांगायला नको. पण ते तिथे का होतं, ते सांगायला हवं.

तळ्याकाठचं आमचं गाव घड्याळांवर जगलं. दर तीन घरांआड एक घर असं, की जिथल्या म्हाताऱ्यानं आयुष्यभर डोळ्याला भिंग लावून चाकं बसवली. तेइजी मात्र कारखान्यात अडतीस वर्षं होते ते पॅकिंगमध्ये. अठराव्या वर्षी ते कामाला लागले, त्या हिवाळ्यात एक किल्लीचं घड्याळ निघालं होतं. फक्त दोनशे नग. पांढऱ्या तबकडीवर गोठलेल्या तळ्यासारखी बारीक रेघ, आणि काटे असे की दाढी करताना त्यांत तोंड बघावं. ती दोनशेच्या दोनशे तेइजींनी आपल्या हातांनी खोक्यांत घातली आणि गावाबाहेर पाठवली. तेव्हापासून त्यांना वाटत होतं, त्यातलं एक तरी परत यावं. पुढं एकेक करत त्यांनी तेरा घड्याळं जमवली, सगळी नामी, सगळी दुर्मीळ. पण ते एक काही मिळालं नाही.

दोन वर्षांपूर्वी छपरासाठी ठेवलेल्या पैशांचं त्यांनी चौदावं घड्याळ आणलं. त्या हिवाळ्यात बर्फाचं पाणी थेट अंथरुणावर गळायला लागलं. मिनेकोनं गळतीखाली बादली ठेवली, नवऱ्याचं ताट वाढलं आणि मात्सुमोतोला बहिणीकडे निघून गेली. अकरा दिवसांनी आली तेव्हा एवढंच म्हणाली, की पुढच्या वेळी गेले तर येणार नाही. तेइजींनी त्याच संध्याकाळी घरातल्या पूर्वजांच्या देव्हाऱ्यासमोर उदबत्ती लावून शपथ घेतली. सगळी घड्याळं विकली, छप्पर घातलं. तेव्हापासून मिनेको वस्तीत अभिमानानं सांगत असे, आमच्यांनी घड्याळं सोडली. दारू सोडलेल्या नवऱ्याबद्दल बायका सांगतात, तसंच.

आणि मग यंदाच्या मार्चमध्ये तोक्योच्या दुकानातून फोन आला. एकोणीस वर्षांपूर्वी तुम्ही चिठ्ठी लिहून ठेवली होती, ते आलंय.

तेइजींनी बायकोला सांगितलं, जुना सहकारी वारला. काळा सूट घातला, काळा टाय लावला, आणि शाळेजवळ मुलांना रस्ता ओलांडून द्यायच्या कामाचे दोन वर्षांचे साठवलेले पैसे खिशात घालून गेले. संध्याकाळी परत आले तेव्हा मिनेकोनं अंत्यविधीहून आल्यावरच्या रीतीप्रमाणे त्यांना दारातच थांबवून अंगावर मीठ टाकलं आणि विचारलं, फार त्रास झाला का हो जाताना? तेइजी म्हणाले, नाही, अगदी शांतपणे गेला. आतल्या खिशात घड्याळ चालू होतं.

घरात ते लपवायला जागा नव्हती. मिनेको झाडते तेव्हा कपाटाच्या मागची भिंतही पुसते. पण तेइजी त्या वर्षी मंडळाचे आपत्तीप्रमुख होते आणि कोठाराची एक किल्ली त्यांच्या कमरेला असे. बिस्किटांच्या डब्यावरची मुदत आणखी अडीच वर्षांची होती. तोवर तो डबा कोण उघडणार, भूकंप झाल्याशिवाय? एका डब्यातली साठ बिस्किटं त्यांनी तळ्याकाठच्या बाकावर बसून तीन दिवसांत संपवली. टाकवली तर नाहीतच. त्यात एक दाढ हलायला लागली. पण त्यानंतरचे पाच महिने त्यांच्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे होते. दर बुधवारी 'कोठाराची पाहणी' करायला जायचं, दार लावून घ्यायचं, घड्याळाला किल्ली द्यायची आणि पाण्याच्या बाटल्यांवर बसून ते कानाशी धरायचं.

बुधवार आता संपले होते.

दुसऱ्याच दिवशी वस्तीची फिरती पाटी आली. घरोघर फिरते, वाचायची, शिक्का मारायचा आणि शेजाऱ्याकडे द्यायची. घड्याळ चौकीत जायच्या आधी अध्यक्ष नागाकुरांनी फोनवर त्याचा फोटो काढला होता, तोच पाटीवर चिकटवला होता. खाली लिहिलं होतं, ज्यांचं असेल त्यांनी निःसंकोच पुढे यावं. दुसऱ्या कुठल्याही गावात लोकांनी 'एक घड्याळ सापडलं' म्हणून शिक्का मारला असता. आमच्या गावात पाटी सहाव्या घरापर्यंत पोचायच्या आत सगळ्यांना साल, यंत्राचा नंबर आणि पट्टा मूळचा नाही, हे कळलेलं होतं. तेइजींनी आपला शिक्का इतका हलका मारला की मिनेकोला तो परत मारावा लागला.

संध्याकाळी सार्वजनिक स्नानगृहात त्याच गोष्टीची चर्चा होती. तेइजी गळ्यापर्यंत कढत पाण्यात बसले होते आणि समोर नागाकुरा, वय वर्षं चौऱ्याऐंशी, डोक्यावर ओल्या पंचाची घडी ठेवून. त्या दोनशे घड्याळांची चाल जमवायच्या टेबलावर हे नागाकुराच बसत.

"दोन महिने बसलो होतो मी त्या दोनशेंवर," नागाकुरा म्हणाले. "आणि हा गाढव ते बिस्किटांच्या डब्यात कोंबतो. पत्र्याच्या डब्यात, त्या दमट खोलीत. असल्या माणसाला घड्याळ कशाला हवं? मनगटाला दोरी बांध म्हणावं."

"पुड्या ठेवल्या होत्या म्हणे, दमट हवेच्या," तेइजी बारीक आवाजात म्हणाले.

"पुड्यांनी काय होतं? तुम्हाला कळायचं नाही ते, तुम्ही पॅकिंगवाले. तुम्हीच सांगा, गाढव आहे की नाही?"

"आहे," तेइजी म्हणाले.

बाकीच्यांनीही माना डोलावल्या. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, फक्त कढत पाण्यात.

इथवर फक्त घड्याळच होतं. मग चारच दिवसांनी मंडळाच्या बैठकीत कुणाच्या तरी लक्षात आलं, की बिस्किटं कुठं गेली? घड्याळाचा विषय क्षणात मागे पडला. घड्याळ ठेवणारा विसरभोळा असू शकतो, पण साठ बिस्किटं म्हणजे भूकंपाच्या दिवशी वीस मुलांचं एक वेळचं खाणं. ते खाणारा माणूस वस्तीतच राहतो, कदाचित याच खोलीत बसलाय, असं एका बाईंनी म्हटल्यावर सगळे एकमेकांकडे न बघण्याचा प्रयत्न करायला लागले. म्हणजे आता घड्याळ मागायला जो पुढे येईल, त्याला बिस्किटांचाही जाब द्यावा लागणार होता. चौकशी कुणी करायची, असा प्रश्न निघाला. आपत्तीप्रमुखांनी, असं एकमतानं ठरलं.

तेइजींनी उठून, कमरेत वाकून, आपल्या देखरेखीत झालेल्या या लाजिरवाण्या प्रकाराबद्दल वस्तीची माफी मागितली. ती अगदी मनापासून होती. मिनेको घरी येऊन म्हणाली, दुसऱ्यानं केलेल्या चुकीसाठी तुम्ही इतकं खाली वाकलात, मला बाई भरून आलं.

सप्टेंबर सरता सरता तेइजींनी हिंमत केली. गुपचूप चौकीत जायचं, हळूच सांगायचं, घड्याळ घ्यायचं, पुढचं पुढं. चौकीत ओत्सुका नावाचा शिपाई होता, तरुण आणि फार नम्र. नम्र माणसापुढे खोटं बोलणं जड जातं आणि खरं बोलणं त्याहून जड जातं.

तेइजींनी विचारलं, समजा एखाद्याला आपली हरवलेली वस्तू परत न्यायची असेल, तर काय करावं लागतं? ओत्सुकानं सांगितलं, काही नाही, वस्तू तिथे कशी गेली ते लिहून द्यायचं, जागा मंडळाची असेल तर आम्ही मंडळाला कळवतो.

"आणि ज्याला सापडली त्याचे आभार मानायचे फोन करून," तो म्हणाला. "नियम असा नाही, पण रीत आहे. नंबर आम्ही देतो."

आपल्याच घरी फोन लावून, मिनेकोनं 'हॅलो, कुवाबारा' म्हटल्यावर आपण काय बोलणार, याचं चित्र तेइजींच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. ते म्हणाले, माझी छत्री हरवली आहे. ओत्सुकानं आतून सतरा छत्र्या आणल्या. यातली नाही, असं सतरा वेळा सांगून झाल्यावर त्यांना एका नसलेल्या छत्रीचा अर्ज भरावा लागला, दांड्याच्या रंगासकट.

निघताना ओत्सुका म्हणाला, पुढच्या आठवड्यात आमची नेहमीची घरभेट आहे, तुमच्याकडेही येईन. घरात कोण कोण राहतं ते फक्त विचारायचं असतं, हे गावात पोरासोरांनाही ठाऊक आहे. पण चोराच्या मनात चांदणं. घड्याळाचं नंबर घातलेलं हमीपत्र आणि तेइजींच्या नावाची पावती चपलांच्या कपाटाच्या मागे चिकटवलेली होती. ती त्यांनी त्याच दुपारी काढली आणि फाडली. आमच्याकडे कचऱ्याच्या पिशवीवर घराचं नाव लिहावं लागतं आणि पिशवी असते पारदर्शक, म्हणून नखाएवढे तुकडे केले, ते वापरलेल्या चहापत्तीत कालवले आणि मंगळवारच्या जळाऊ कचऱ्यात दिले. ओत्सुका आला, घरात दोन माणसं असं लिहून घेतलं, मिनेकोचं लोणचं खाल्लं, छत्री अजून सापडली नाही म्हणून दिलगिरी व्यक्त केली आणि गेला.

तेइजींचं वजन तीन किलोनं उतरलं. मिनेकोला वाटलं चौकशीचं ओझं झालंय.

नोव्हेंबरच्या मध्याला मुदत भरली. मालक आला नाही, घड्याळ मंडळाचं झालं. मंडळानं ते विकून बिस्किटं आणावीत असं एक मत होतं, पण नागाकुरा म्हणाले, या गावात ते घड्याळ विकणं म्हणजे घरातली मुलगी विकणं. शेवटी ठरलं, शिडीची सोडत काढायची. कागदावर घरागणिक एक उभी रेघ, मध्ये आडव्या पायऱ्या, खाली एकाच रेघेला खूण. बोट वरून निघतं, पायरी आली की वळतं, आणि जिथं उतरतं तिथं नशीब.

त्रेचाळीस घरं सभागृहात जमली. तेइजींनी मिनेकोला रेघ निवडायला सांगितली. नागाकुरांचं बोट खालच्या खुणेवरून उलटं वर निघालं, डावीकडे गेलं, उजवीकडे आलं, आणि थांबलं.

"कुवाबारा," नागाकुरा म्हणाले.

तेइजींना वाटलं, पूर्वजांनी माफ केलं. तीन महिन्यांत पहिल्यांदाच त्यांचा श्वास पोटापर्यंत गेला. आता ते घड्याळ उघड उघड घरी येणार, मंडळानं दिलेलं, शपथ न मोडता. याहून सरळ वाट देवानंसुद्धा काढली नसती.

मिनेको उठली. "आमच्या घरात हे नको," ती म्हणाली. "आमच्यांनी किती कष्टानं सोडलंय ते मला माहीत आहे. दुसऱ्या कुणाला तरी द्या."

तेइजी घाबरले नाहीत. आमच्याकडे कुणी काही दिलं की दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा घ्यायचं, ही लहानपणापासूनची सवय. लोकांनीही रीतीप्रमाणे आग्रह केला, असं कसं, तुमचं नशीब आहे, घ्या. मिनेको दुसऱ्यांदा नको म्हणाली. तेइजी मनात मोजत होते. परत आग्रह झाला. आता ती घेणार, असं वाटत असतानाच मिनेको म्हणाली, मी कोण ठरवणार, यांनाच विचारा ना.

त्रेचाळीस घरांच्या माना तेइजींकडे वळल्या. नागाकुरांनी पिवळा रुमाल उलगडून घड्याळ त्यांच्यासमोर धरलं. "बोला कुवाबारा. घेणार?"

अडुसष्ट वर्षांची जीभ. पहिल्या विचारण्याला ती जे बोलत आली तेच बोलली.

"छे छे, मला कशाला," तेइजी म्हणाले.

आणि परत विचारलं जायची वाट बघत थांबले.

कुणी विचारलं नाही. दारू सोडलेल्याला कुणी दुसऱ्यांदा पेला पुढं करत नाही. आधी मागच्या रांगेतून एक टाळी वाजली, मग सगळ्या सभागृहानं टाळ्या वाजवल्या. एक दोन बायकांनी डोळे पुसले. तेइजींना उठून वाकावं लागलं, आणि ते इतका वेळ वाकून राहिले की लोकांना त्यांच्याबद्दल आणखीच आदर वाटला.

घड्याळ नागाकुरांना द्यायचं ठरलं. ते दोनदा नको म्हणाले, त्यांना तिसऱ्यांदा विचारलं गेलं, त्यांनी घेतलं. किल्ली दिली, कानाशी धरलं आणि मग न राहवून ते तेइजींच्या कानाशी नेलं.

"ऐका," ते हळूच म्हणाले. "पॅकिंगवाल्यांनी कधी ऐकलं नसेल."

तेइजींनी ऐकलं. त्यांना रडू आलं, आणि ते रडले.

घरी जाताना तळ्यावरून बोचरा वारा येत होता. अध्यक्षांच्या घराची वाट वळून गेल्यावर तेइजी थांबले. आता गमवायला काही उरलं नव्हतं, तेव्हा निदान खरं तरी बोलावं असं त्यांना वाटलं.

"मिनेको, ते घड्याळ माझंच होतं."

मिनेकोनं त्यांच्याकडे बघितलं. ती चिडली नाही.

"मार्चमध्ये कुणी वारलं नव्हतं," तेइजी म्हणाले. "मी तोक्योला जाऊन ते आणलं. डब्यात मीच ठेवलं."

"आणि बिस्किटं?"

"मी खाल्ली."

"साठ? त्या दाढेनं?" मिनेको म्हणाली. "बरं, पावती असेल ना मग?"

"फाडली. चहापत्तीत घालून कचऱ्यात दिली."

मिनेकोनं आपली शाल काढून त्यांच्या खांद्यावर घातली आणि त्यांचा हात हातात घेतला. लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली होती; रस्त्यात तिनं हात धरला तो पहिल्यांदाच.

"बहिणीच्या नवऱ्याचंही असंच झालं होतं, पिणं सोडलं तेव्हा," ती म्हणाली. "दुकानातली प्रत्येक बाटली आपलीच आहे म्हणायचे. महिनाभर. मग ते वेड गेलं." थोडं चालून झाल्यावर ती परत म्हणाली, "पुन्हा असा मोह झाला ना, तर मनात कुढत बसू नका. सरळ मला येऊन सांगा, काय खरं असेल ते. मी काही खाणार आहे का तुम्हाला?"

"बरं," तेइजी म्हणाले.